एक जास्तीची

आमच्या उपनगरात तळं सोडलं तर बघण्यासारखं काही नाही. तळ्याच्या एका काठाला धरून दोन-चार रस्ते, बसकी घरं, एक औषधांचं दुकान, एक बेकरी, बस वळते तिथे एक शेड, आणि खाली पाण्यात शिरलेला लाकडी धक्का. शहरात नोकरी करणारी माणसं सकाळच्या बसने जातात ती संध्याकाळीच उगवतात. मधल्या वेळात उपनगर बायकांचं असतं.

त्या बायकांना मी पोहायला शिकवायची. शिकवण्यासारखं तसं काही नव्हतं, सगळ्या चांगल्या पोहत होत्या. पण धक्क्यावर कोणीतरी शिट्टी घेऊन उभं असल्याशिवाय उतरायचं नाही, असा त्यांचा नियम होता, आणि मी रीतसर शिकलेली, स्पर्धांमध्ये पोहलेली. स्वभावाने तिखट आहे हेही त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं. पाण्यात मी कोणाचे लाड करत नाही.

तळ्याचं पाणी घाण नाही, पण रंग कोऱ्या चहाचा. हात पुढे टाकला की कोपर दिसतं, मनगट दिसत नाही. धक्क्यापासून थोडं पुढे गेलं की तळ एकदम खाली जातो. अशा पाण्यासाठी जोडीची पद्धत असते. प्रत्येकीला एक जोडीदारीण. मी शिट्टी वाजवली की जिथे असाल तिथे थांबायचं, जोडीदारणीचा हात धरायचा आणि दोघींनी हात वर करायचे. मी वरून नजर फिरवायची. सगळे हात जोडीने वर असले की दुसरी शिट्टी, आणि पुन्हा पोहणं सुरू. जी जोडी दिसली नाही तिच्याकडे मी उडी टाकायची. लहान मुलालाही समजेल इतकं सोपं आहे.

त्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण माझ्याकडे राहायला आली. कायमचीच आली. नवऱ्याने दुसरा संसार मांडला होता, आणि हिने निघावं म्हणून हिची बॅग त्याने स्वतः भरून दिली होती, कपड्यांच्या नीट घड्या घालून. ती मला हे कौतुकाने सांगत होती, की बघ, एक घडी मोडली नव्हती. मला हसावं की रडावं कळेना. आमची धाकटी पहिल्यापासून अशीच. कोणी हसून बोललं की ते माणूस हिचं झालं. बोलते फार, आणि विनोदाला सगळ्यांचं हसून संपल्यावर हसते.

तिला तळ्यावर आणा, असं मोठ्या बाई स्वतः म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खं उपनगर त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे चाळिशीच्या बायकाही त्यांच्यापुढे अजून पाय जुळवून उभ्या राहायच्या.

"तुमची बहीण आली आहे म्हणे. एकटीच ना?" त्यांनी विचारलं.

"एकटीच."

"मुलंबाळं?"

"नाहीत."

"बिचारी. घरात बसून काय करते? आणा की तिला."

मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, चला, वरून कडक असली तरी बाई माणुसकीची आहे.

पहिल्या दिवशी धाकटी नवी पिवळी टोपी घालून आली. कपडे बदलायच्या खोलीत ती शिरली आणि आतलं बोलणं बंद झालं. बाकावर ती बसली तशा दोघी उठल्या. धक्क्यावर मी जोड्या लावायला लागले, तेव्हा बेकरीवाली म्हणाली, "आमच्या ठरलेल्या आहेत, मॅडम."

"मग एखाद्या जोडीत तिसरी घ्या."

"तीन हात दिसले की तुमचाच गोंधळ उडेल," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांची जोडी औषधवालीशी होती, दुकान चालवणारी ती गोरी, अबोल बाई. "राहू दे तिला एकटी. पोहता येतं ना?"

"येतं की!" धाकटी म्हणाली. "लहानपणी ताईनेच शिकवलंय. मी तर आधी इतकी घाबरायचे, एकदा काय झालं..." पण तोवर सगळ्या शिडी उतरायला लागल्या होत्या.

मी तिला म्हटलं, तू माझ्या डोळ्यांसमोर राहा, धक्क्याजवळ बांधलेल्या दोरीच्या आत. तिचा चष्मा माझ्या खिशात होता. चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरापलीकडचं काही दिसत नाही.

थोड्या वेळाने मी शिट्टी वाजवली. पाण्यावर जोडीजोडीने हात उभे राहिले. धाकटीने इकडेतिकडे पाहिलं आणि एका हाताने स्वतःचाच दुसरा हात धरून वर केला. त्या भानगडीत नाकातोंडात पाणी गेलं.

"अगं बाई, हिने स्वतःशीच लग्न लावलं!" बेकरीवाली ओरडली, आणि ते हसू पाण्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. सगळ्यांचं संपल्यावर धाकटीही हसली.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या धाकटीच्या आजूबाजूचं पाणी बघत होत्या.

घरी मटार सोलता सोलता धाकटी मध्येच थांबली. "ताई, खरं सांग हं. माझ्या अंगाला वास येतो का गं?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मग रागच आला. "वास कसला येतोय! उद्यापासून जायचं नाही तिथे."

"असं कसं? त्यांना वाटेल मी रुसले."

पालथ्या घड्यावर पाणी. ती रोज गेली. रोज त्या हसल्या. कोणी तिचा टॉवेल ओल्या फरशीवर सरकवून ठेवला, कोणी ती बोलायला लागली की जांभई दिली. मी आवाज चढवला की सगळ्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच वर्गात दंगा करतेय. नोकरी सोडावी असं दहादा मनात आलं. ती सोडली असती तर बरं झालं असतं, की आणखी वाईट, ते आता कोण सांगणार?

मग एका सकाळी, चांगलं ऊन होतं, वारा नव्हता, मी शिट्टी वाजवली आणि धाकटीच्या पिवळ्या टोपीजवळ दोन हात वर आले.

म्हटलं, देव पावला. कोणाला तरी दया आली. मी दुसरी शिट्टी जरा जोरातच वाजवली. पण वेळ संपल्यावर बायका शिडीने वर यायला लागल्या त्या आपापल्या जोडीने. सगळ्या जोड्या आल्या. शेवटी धाकटी आली, एकटी, तोंडभर हसत.

"कोण होतं गं तुझ्याबरोबर?"

"कुणास ठाऊक! चष्मा कुठे होता? पण धरला बाई कोणीतरी हात. गार होता, पण काय घट्ट धरला, ताई!"

मी कपड्यांच्या खोलीत जाऊन विचारलं. "मी नाही," एक म्हणाली. "मी नाही," दुसरी. एकीलाही हसू आलं नाही, आणि हसू न येणाऱ्या बायका त्या नव्हत्या. बेकरीवालीने आपला डबा उघडून धाकटीपुढे धरला. औषधवालीने फाटलेल्या ओठांना लावायला मलमाची डबी दिली. कोणीतरी तिच्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकला. इतके दिवस जिला कुत्रं विचारत नव्हतं तिच्याभोवती एकदम गराडा पडला. धाकटी हरखून गेली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. त्यांच्या चेहऱ्यांवर प्रेम नव्हतं. पाहुणे एकदाचे शेजारच्या घरात शिरले की आपल्याला जसं हायसं वाटतं, तसं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुर्बीण आणली.

शिट्टी वाजवली आणि पिवळ्या टोपीवर रोखली. धाकटीचं डोकं दिसलं. तिचा उजवा हात वर होता. त्या हातात दुसरा हात होता, कोपरापर्यंत पाण्याबाहेर, बारीक, लांब बोटांचा. तिच्या हातावरून पाणी ओघळत होतं. दुसऱ्या हातावरून एक थेंब पडत नव्हता. आणि त्या हाताच्या खाली जिथे कोणाचं तरी डोकं असायला हवं होतं, तिथे पाणी सपाट होतं.

मी दुसरी शिट्टी वाजवलीच नाही, सरळ उडी मारली. पोहोचले तेव्हा धाकटी एकटी होती, आणि चिडलेली.

"काय गं ताई! घाबरवलंस ना तिला."

"कोणाला?"

"आता गेली ना ती," ती म्हणाली, आणि काठापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. उजेड पाण्यावरून उलटतो, दुर्बिणीत अंतरं फसतात. मी अशी माणसं बघितली आहेत जी ओंडक्याला मगर समजून किंचाळली. पण धाकटीचा उजवा हात मी रोज घरी बघत होते. पाण्यातून येऊन कितीतरी वेळ झाला तरी त्या हाताची बोटं सुरकुतलेलीच असायची. डावी कोरडी, गुळगुळीत. उजवी दिवसभर पांढरी आणि गार. मी गरम पाण्याची पिशवी धरायला दिली, तर पिशवी गार झाली.

एका दुपारी मी कुकर लावला होता. धाकटी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मला काहीतरी सांगत होती, बसमध्ये कोणी कशी जागा दिली ते. कुकरची शिट्टी झाली.

तिचा उजवा हात वर गेला.

सरळ, खांद्यापासून वर. बोटं मिटलेली, पण पूर्ण मिटलेली नाहीत. मध्ये दुसऱ्या एका हाताएवढी जागा. तिचं बोलणं थांबलं नव्हतं. बसमधली ती बाई कशी चांगली होती ते ती सांगतच होती. कुकरची दुसरी शिट्टी झाली तसा हात खाली आला. "ऐकतेयस ना?" तिने विचारलं.

मी गॅस बंद केला.

तशीच चपला अडकवून मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांची बैठकीची खोली म्हणजे शाळेचं ऑफिसच होतं. प्रत्येक वस्तू काटकोनात, टेबलाच्या कडेला समांतर पेनं. तळ्याकडची खिडकी बंद, आणि तिच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या दाबून बसवलेल्या. खिडकीच्या खालची फरशी मात्र ओली होती आणि तिच्यावर एक फडकं पसरलेलं होतं.

"तिच्याबरोबर कोण असतं?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"बसा."

"बसत नाही. कोण असतं?"

त्यांनी फडकं पायाने जरा सरळ केलं. "तुम्ही यायच्या आधी आमच्याही जोड्या पूर्ण होत्या," त्या म्हणाल्या. "माझी जोडी माझ्या सख्ख्या बहिणीशी होती. शिट्टी झाली, मी हात धरला, वर केला. दुसरी शिट्टी झाली, सोडला. बाहेर आल्यावर बघते तर बहीण नाही. हात मात्र होता हो माझ्या हातात. मी धरला होता."

"मग?"

"मग काही नाही. तेव्हापासून आम्ही एक जास्तीची ठेवतो. जास्तीची असली की बाकीच्यांना फारसा त्रास नसतो."

"माझ्या बहिणीच्या आधी कोण होती?"

"बँकेत होती एक, तुम्ही यायच्या जरा आधी. मुलीकडे राहायला गेली असं आम्ही सांगतो."

"अहो, मग उतरता कशाला त्या मेल्या तळ्यात?"

"न उतरून पाहिलंय," त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडे पाहिलं. मग शाळेत पालकांशी बोलावं तशा समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "विचार करा. नवरा नाही, मूल नाही. तिच्या मागे रडायला आहे कोण?"

"मी आहे!"

"हो, तुम्ही आहात," त्या म्हणाल्या. जणू तेवढी एक गैरसोय त्यांच्या नजरेतून सुटली होती.

मी घरी येऊन बॅगा काढल्या. "सामान भर, उद्याच्या उद्या निघायचं." धाकटीला आधी चेष्टा वाटली. मग मी सगळं सांगितलं, हात, डोकं, बहीण, बँकवाली, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातातून बॅग काढून पुन्हा कपाटावर ठेवली.

"मला माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"माझा हात धरते ती कोणी बाई नाहीये ते. मला काय हातावरून कळत नाही? मी वेडी नाहीये, ताई."

"आणि तरी जातेस?"

"त्याने माझी बॅग भरली ना, तेव्हा मी दारात उभी होते. वाटत होतं, आत्ता हात धरेल. नाही धरला. इथे शिट्टी झाली की कोणीतरी माझा हात धरतं गं. रोज धरतं. तुला काय कळणार? तू कायम वर धक्क्यावर."

हे मला लागलं. फार लागलं. आणि त्या रागातच मी ठरवलं की धक्क्यावरून खाली उतरायचं.

मी काही साधुसंत नाही. मला हिशेब स्वच्छ दिसत होता. मी धाकटीची जोडीदारीण झाले की धाकटी जास्तीची राहत नाही. पण मग शिट्टी कोण वाजवणार? कोणी एक बाहेर आली की तिची जोडीदारीण पाण्यात एकटी. ती कोण असावी, हे ठरवायला मला क्षणभरही लागला नाही. पश्चात्ताप झाला का म्हणून विचाराल, तर नाही. माझी धाकटी सोडून कोणीही.

सकाळी सगळ्या उतरल्या. मोठ्या बाई नेहमीप्रमाणे लांब गेल्या, संथ, मान वर ठेवून. औषधवाली मागे रेंगाळत होती. मी तिला हाक मारली. ती शिडीने वर आली, निथळत.

मी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली. "मी धाकटीबरोबर उतरतेय. मी तिच्याजवळ पोहोचले की वाजवा."

तिने शिट्टीकडे पाहिलं. मग लांब पाण्यावर दिसणाऱ्या मोठ्या बाईंच्या डोक्याकडे पाहिलं. तिला कळलं. कळलं हे मला दिसलं. मला वाटलं, आता ही ओरडेल.

तिने टॉवेलच्या टोकाने शिट्टी नीट पुसली आणि तोंडात धरली.

मी उडी मारली. धाकटी मला बघून दचकली. "तू कशाला आलीस? ताई, जा ना, ती येणार नाही अशाने."

शिट्टी वाजली.

मी तिचा उजवा हात पकडला. तो बर्फासारखा होता. ती सोडवायला बघत होती, मी दोन्ही हातांनी धरून तो वर केला, आणि तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. तीच होती. माझीच होती.

मग मी लांब पाहिलं.

मोठ्या बाई पाण्यात उभ्या तरंगत होत्या. त्यांनी जोडीसाठी हात बाजूला केला होता आणि मान वळवून औषधवालीला शोधत होत्या. धक्क्यावर ती त्यांना दिसली.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा हात हळूहळू वर गेला. त्यांनी तो वर केला नव्हता. कोणीतरी तो वर केला होता.

त्यांनी त्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तोंड उघडून काहीतरी म्हणाल्या, अगदी लहान मुलीच्या आवाजात. शब्द मला ऐकू आले नाहीत.

आधी डोकं गेलं. हात तसेच वर होते, एकमेकांत गुंतलेले.

मग हातही गेले.

कोणी किंचाळलं नाही. बाकीच्या बायका जोडीजोडीने हात वर धरून उभ्या होत्या, दुसऱ्या शिट्टीची वाट बघत. औषधवालीने ती वाजवली.

धाकटी मात्र माझ्या खांद्यावर डोकं आपटून रडत होती. "माझी होती ती," म्हणत होती. "माझी होती."

शोधणारे आले, बोटी आल्या, गळ टाकून झाले. वय झालं होतं, दमल्या असतील, असं सगळ्यांनी म्हटलं. धक्क्याला साखळी लावली. धाकटी दोन दिवस जेवली नाही, पण तिची बोटं सरळ झाली, गुळगुळीत, गरम. मी झोपेतही ती चाचपून बघायची. मी जिंकले होते.

औषधवाली रोज यायला लागली. धाकटीसाठी काही ना काही घेऊन यायची, दोघी बाहेर व्हरांड्यात बसायच्या. मग बेकरीवालीही यायला लागली. धाकटीचा आवाज पुन्हा घरात घुमायला लागला. तिच्या विनोदांना त्या हसायच्या, तीही त्यांच्या बरोबरीने हसायची. मला इतकं बरं वाटायचं की मी चहा करून आत निघून जायची, म्हटलं माझी अडचण नको.

मग एका सकाळी मी धाकटीला उठवायला गेले. ती गाढ झोपली होती. उजवा हात पलंगाखाली लोंबत होता, आणि गाऊनची बाही कोपरापर्यंत ओली होती. खाली फरशीवर पाणी होतं. कोऱ्या चहाच्या रंगाचं.

खिडकी बंद होती. आतून कडी होती.

"चल, आत्ताच्या आत्ता निघू," मी म्हटलं. ती उठून बसली, बाहीकडे बघितलं, आणि पिळली.

"जायचं कुठे, ताई? आत्ता कुठे माझं कोणी झालंय इथे."

त्याच दिवशी जेवणानंतर सगळ्या आल्या. बैठकीच्या खोलीत पुरेशा खुर्च्या नव्हत्या, तर काही भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. धाकटी औषधवालीच्या शेजारी बसली. प्रत्येकीची उजवी बाही ओलसर होती, कोपरापर्यंत दुमडलेली. मी ते बघितलं, आणि मी बघितलेलं त्यांनी बघितलं.

"धक्का उद्यापासून उघडायचा म्हणतोय," बेकरीवाली म्हणाली.

"मी शिट्टी वाजवणार नाही."

"नकाच वाजवू. माझी सून वाजवेल."

मला वाटलं, सुटले. मग धाकटी बोलली. तोंडात मध असल्यासारखं गोड बोलली. "ताई, असं आहे ना, यांची आणि माझी आता जोडी ठरलीये." तिने औषधवालीच्या दंडावर हात ठेवला. "म्हणजे सगळ्या जोड्या पूर्ण झाल्या."

मी तिच्या दुमडलेल्या बाहीकडे पाहिलं.

"माझी बाही बघितलीस ना तू?" ती म्हणाली.

"दुसरी कोणी बघू की," मी म्हटलं.

"बघतोयच," बेकरीवाली म्हणाली. "घर भाड्याने द्यायचंय म्हणून सांगून ठेवलंय. एकटीच हवी, म्हटलं. पण माणूस काय असं लगेच मिळतं?"

"तोवरच गं," धाकटी म्हणाली. उठून माझ्याजवळ आली आणि माझे केस कानामागे सारले. "तूच म्हणायचीस ना, माझ्यासाठी काहीही करशील म्हणून? आणि घाबरू नकोस हं. सुरुवातीला गार लागतं. पण ती फार घट्ट धरते."

तिला तिथेच मारावं असं वाटलं. आणि तिला पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. ती बाही माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

सकाळी ऊन होतं. सगळ्या जोडीने शिडी उतरल्या. मी शेवटी उतरले. पाण्यात शिरल्यावर त्या माझ्यापासून लांब लांब गेल्या, जरा घाईनेच. धाकटीला मी दोनदा हाक मारली. तिने मान वळवली नाही. औषधवाली काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

मी एकटी थांबले. पाय हलवत राहिले. मला पोहता येतं, मी इथून काठापर्यंत कोणाच्याही आधी पोहोचले असते.

धक्क्यावर बेकरीवालीची सून शिट्टीची दोरी गळ्यात अडकवत होती, आणि ती तिच्या केसांत गुंतली होती. शिट्टी वाजायला अजून वेळ होता.

पाण्याखाली कोणीतरी माझ्या बोटांत बोटं गुंतवली. आणि खोटं कशाला बोलू, मीही ती घट्ट धरली.